पर्यायी भुकट्यांची साठवण : ताकद किती दिवस टिकते?

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरणी आता पंधरा-वीस दिवसांवर आली आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बियाणे व खते येऊन पडली असतील. काहींनी जिवाणू संवर्धनाची पाकिटेही आणून ठेवली असतील. ही पाकिटे कशी वापरावीत हे आपण अनेकदा ऐकले आहे. आज मी आपणांस वेगळाच प्रश्न विचारणार आहे. ती पाकिटे या क्षणी आपल्या घरात कोठे ठेवली आहेत? पत्र्याच्या खोलीत, युरियाच्या गोण्यांवर, की देवळीत? या एका प्रश्नाच्या उत्तरावर आपल्या सोयाबीनच्या, तुरीच्या आणि भुईमुगाच्या मुळांवर गाठी येणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते.

जुनी भुकटी आणि तिचे पर्याय

विषय समजण्यासाठी शेतीबाहेरचे एक उदाहरण घेऊ. कोकणात व घाटमाथ्यावर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक काही घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. तिच्यात भरायची काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. द्राक्ष बागायतदार ज्याला १३:०:४५ म्हणून ओळखतात तेच हे. ही तिन्ही द्रव्ये निर्जीव आहेत आणि एकमेकांच्या संगतीत आपोआप बिघडत नाहीत. म्हणून ही दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे ताकद धरून राहते. जुन्या किल्ल्यांवर दारूचे कोठार वस्तीपासून दूर आणि भक्कम भिंतींचे असे, त्याची कारणे दोन होती. आगीची भीती आणि ओलीची भीती. जुन्या माणसांना साठवणीचा एकच नियम ठाऊक होता, कोरडे ठेवा.

पुढे या दारूला पर्याय निघाले. अमेरिकेत १८५७ साली लॅमॉट ड्यू पॉन्ट यांनी महाग सोऱ्याऐवजी स्वस्त सोडियम नायट्रेट वापरून सुरुंगाची दारू तयार केली. ती स्वस्त पडली, पण सोडियम नायट्रेट हवेतील ओल ओढून घेते. त्यामुळे तिच्या दाण्यांना ग्रॅफाइटचा लेप द्यावा लागला. अलीकडच्या काळात परदेशात निघालेल्या काही पर्यायी दारूंमध्ये एस्कॉर्बिक आम्ल असते. त्यांचा धूर व काजळी कमी, पण डबा एकदा उघडला आणि दमट हवा लागली की त्यांची ताकद जुन्या दारूपेक्षा लवकर उतरते. ज्यांनी त्या जुन्या दारूसारख्याच ठेवल्या, त्यांना ऐन वेळी बार फुसका गेल्याचा अनुभव आला.

दारूच्या साठवणीचे नियम सरकारी परवान्यात दिलेले असतात. त्यांत आपण शिरणार नाही. यातून घ्यायचा धडा एवढाच की, पर्याय आला की साठवणीचा नियमही बदलतो. आपल्या शेतीत गेल्या काही वर्षांत असे अनेक पर्याय आले. नत्र खताचा काही भार हलका करण्यासाठी जिवाणू संवर्धन आले. बुरशीनाशकाला पर्याय म्हणून ट्रायकोडर्मा आला. कीटकनाशकाला पर्याय म्हणून निंबोळी पावडर आणि घाटे अळीचा विषाणू आला. वापर आपण शिकलो, पण साठवण मात्र जुन्या मालासारखीच करीत राहिलो. येथेच घोटाळा होतो.

घरातील भुकट्यांचे तीन प्रकार

आपल्या घरात असलेल्या भुकट्यांचे साठवणीच्या दृष्टीने तीन गट पडतात.

पहिला गट निर्जीव आणि स्थिर पदार्थांचा. मोरचूद, गंधक, जिप्सम, युरिया हे त्यात येतात. मोरचूद कोरड्या हवेत उघडे राहिले तर निळ्या खड्यांवर पांढुरकी झाक येते, पण त्यातील तांबे कोठे जात नाही. युरिया ओलीने दगडासारखा होतो, पण गुठळ्या फोडून वापरला तर नत्र तेवढेच मिळते. या गटाला कोरडी जागा आणि खाली फळी एवढे पुरते.

दुसरा गट निर्जीव, पण हवा लागताच बदलणाऱ्या पदार्थांचा. कळीचा चुना हे त्याचे चांगले उदाहरण. तो हवेतील ओल घेऊन विरतो आणि पुढे हवेतील कर्बवायू घेऊन खडूसारखा होतो. असा चुना बोर्डो मिश्रणात घातला तर मोरचुदाची आम्लता मारली जात नाही आणि पाने करपतात. म्हणून बोर्डोसाठी दर वेळी ताजा, कडक, खड्यांचा चुना घ्यावा. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालावी. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. विहिरीत टाकण्याची ब्लीचिंग पावडरही याच गटातील आहे. पिशवी उघडी राहिली की तिच्यातील क्लोरीन रोज थोडा थोडा उडून जातो. या गटाला हवाबंद डबा लागतो.

तिसरा गट जिवंत पदार्थांचा. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा हे सगळे यात मोडतात. ही पाकिटे बाहेरून खतासारखीच दिसतात, पण आत जीव आहे. जीव म्हटला की त्याला गारवा पाहिजे, ओलावा पाहिजे आणि त्याला आयुष्याची मर्यादाही आहे. आजचे माझे सांगणे मुख्यतः या गटाविषयी आहे.

लिग्नाइटच्या पाकिटात काय असते?

रायझोबियमचे पाकीट फोडले की काळी भुकटी दिसते. ती लिग्नाइट नावाच्या तपकिरी कोळशाची असते. कोळसा बारीक दळून, चुनखडीने त्याची आम्लता घालवून, निर्जंतुक करून त्यात प्रयोगशाळेत वाढविलेले जिवाणू मिसळतात. लिग्नाइट हे अन्न नव्हे, ते त्यांचे घर आहे. त्यात वजनाच्या ३० ते ४० टक्के ओलावा ठेवलेला असतो. हात लावला तर भुकटी किंचित ओलसर लागते ती यामुळेच.

बंधूंनो, हे नीट लक्षात घ्या. बंदुकीच्या काळ्या दारूला ओल मारते आणि या काळ्या भुकटीला कोरड मारते. रंग सारखा, पण साठवणीचा नियम नेमका उलटा. पाकीट ओलसर लागले म्हणून कित्येक शेतकरी ते उन्हात वाळवून ठेवतात आणि आपल्याच हाताने आतला जीव घालवितात.

सर्व जिवाणू सारखे चिवट नसतात. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंपैकी बॅसिलस जातीचे जिवाणू संकटात स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणूरूपाने राहतात. ॲझोटोबॅक्टरलाही संरक्षक आवरण करता येते. रायझोबियमला मात्र असे कवच करता येत नाही. उन्हात ठेवले की तो सरळ मरतो. म्हणून कडधान्ये, सोयाबीन व भुईमूग पिकविणाऱ्यांनी सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी.

एका दाण्याचा हिशेब

थोडे जिवाणू मेले तर काय बिघडले, असे आपणांस वाटेल. त्यासाठी साधा हिशेब मांडू. जैविक खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यातील मानकाप्रमाणे लिग्नाइटसारख्या माध्यमातील रायझोबियमच्या एक ग्रॅम भुकटीत किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात १२५० कोटी. हे पाकीट आपण १० किलो सोयाबीन बियाण्याला लावतो. १० किलोत सुमारे एक लाख दाणे धरले, तर एका दाण्याच्या वाट्याला सव्वा लाख जिवाणू येतात.

सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला चांगल्या गाठी येण्यासाठी दर दाण्यावर सुमारे एक लाख जिवाणू असावेत, असे मानले जाते. म्हणजे किमान मानकाचे पाकीट असेल, तर आपल्या हाती फारसे शिल्लक राहत नाही. पत्र्याखाली ठेवून निम्मे मेले, तर दाण्यावर साठ-बासष्ट हजार उरतात. दहापैकी नऊ मेले, तर साडेबारा हजार. शिवाय लावलेले सगळेच दाण्याला चिकटत नाहीत आणि जमिनीत पडल्यावर कोरड्या मातीत आणखी काही मरतात. पाकीट तेच, किंमत तीच, मेहनत तीच, पण गुण शून्याकडे जातो.

ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन घेतलेले नाही, तेथे तर हे फारच महत्त्वाचे. सोयाबीनच्या गाठी करणारा जिवाणू आपल्या जमिनीत मुळात क्वचितच असतो. तो बियाण्याबरोबर जिवंत गेला तरच गाठी येणार.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकातले सांगत नाही. विस्तार कामास मी नवीनच लागलो होतो, त्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यात सोयाबीनच्या प्रात्यक्षिकांसाठी रायझोबियमची पाकिटे गावोगाव पोहोचवायची होती. मी ती जीपच्या टपावर ताडपत्रीखाली बांधली आणि दोन दिवस तशीच फिरविली. ऊन किती होते हे आपणांस सांगायला नको. ताडपत्रीखाली तर भट्टीच झाली असणार. पाकिटांवर तारीख पुढची होती, त्यामुळे माझ्या मनाला शंकाही शिवली नाही.

ऑगस्टमध्ये मी प्रात्यक्षिकांवर गेलो. पीक फिकट पिवळे. झाडे उपटून पाहिली, तर मुळे स्वच्छ. गाठीचा पत्ता नाही. गावातले एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "साहेब, तुमची भुकटी चुलीतल्या राखेसारखीच निघाली की." मला उत्तर देता आले नाही. त्यांनी माझ्या शब्दावर युरियाची मात्रा कमी केली होती.

त्याच फेरीत एका माळवदी घरी गेलो. त्या मावशींना मी पाकिटे टपावर चढविण्याआधी, पहिल्याच दिवशी सकाळी दिली होती. त्यांच्या शेतात मात्र मुळांवर गाठी भरपूर होत्या. पाकिटे त्याच खेपेची, गट क्रमांकही तोच. मी विचारले, "मावशी, तुम्ही ठेवली कोठे होती?" त्या म्हणाल्या, "पोरानं वाचून दावलं, थंड जागी ठेवा म्हणून. आमच्या घरात थंड जागा म्हंजे रांजणाची. तिथंच मडक्यात झाकून ठेवली."

त्या दिवसापासून पाकीट शेतकऱ्याच्या हातात देताना मी आधी त्याच्या रांजणाची चौकशी करतो. ज्या शेतकऱ्यांचा त्या वर्षी माझ्यामुळे तोटा झाला, त्यांपैकी काहींनी पुढे कित्येक वर्षे जिवाणू संवर्धन हातातही घेतले नाही. मेलेले पाकीट एका हंगामाचे नुकसान करते आणि विश्वास मात्र बऱ्याच वर्षांसाठी घालविते.

ताकद कशाने जाते?

१) उष्णता : संवर्धन साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात चांगले राहते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या आसपास पारा जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक. पाकिटावरील अंतिम तारीख योग्य साठवण झाली असे गृहीत धरून छापलेली असते, हे विसरू नये.

२) प्रत्यक्ष ऊन : सूर्यकिरणांनी जिवाणू थेट मरतात. दुकानाच्या दर्शनी कपाटात उन्हात मांडलेले पाकीट घेऊ नये.

३) कोरडेपणा : पाकिटाला छिद्र पडले किंवा ते फोडून ठेवले की ओलावा उडून जातो. फोडलेले पाकीट त्याच दिवशी संपवावे.

४) रसायनांची संगत : सुपर फॉस्फेटची आम्लता, बुरशीनाशके व कीटकनाशके यांच्याजवळ पाकिटे ठेवू नयेत. खतात मिसळून तर मुळीच ठेवू नयेत.

५) काळ : सर्व काळजी घेतली तरी संख्या हळूहळू घटतेच. लिग्नाइटमधील संवर्धनाची मुदत साधारण सहा महिने असते. द्रवरूप संवर्धन त्यापेक्षा जास्त, सामान्यतः वर्षभर टिकते. नेमकी मुदत पाकिटावर किंवा बाटलीवर छापलेली पाहावी.

घरी कसे साठवावे?

महागड्या साधनांची गरज नाही. घराच्या उत्तरेच्या बाजूस, सावलीत, एका टोपलीत किंवा घमेल्यात वाळू भरून ती ओली करावी. त्यात मातीचे मडके बसवावे. पाकिटे मडक्यात उभी ठेवून तोंडावर झाकण आणि ओले फडके टाकावे. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. पाण्याचे बाष्प होताना मडके गार राहते, जसे पिण्याच्या पाण्याचे राहते. पाकिटे स्वतः पाण्यात भिजणार नाहीत एवढे पाहावे. गावात कोणाकडे फ्रीज असेल, तर खालच्या कप्प्यात वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवता येतील. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत.

तालुक्याहून पाकिटे आणताना ती सकाळी किंवा सायंकाळी आणावीत. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नयेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत आणल्यास उत्तम. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पाकिटे आणूच नयेत. पहिला पाऊस दिसला की पेरणीच्या आठवडाभर आधी खरेदी करावी. खरेदी करताना पिकाचे नाव व गट पाहावा. सोयाबीनचा गट वेगळा, हरभऱ्याचा वेगळा आणि तूर-मूग-उडदासाठी चवळी गट. उत्पादनाची तारीख, अंतिम तारीख व गट क्रमांक पाहून पावती घ्यावी.

बीजप्रक्रियेच्या दिवशीही साठवणीचाच नियम लागू पडतो. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून ते द्रावण थंड झाल्यावर त्यातील लागेल तेवढेच घेऊन संवर्धन मिसळावे आणि १० किलो बियाण्यास हलक्या हाताने चोळावे. बुरशीनाशक व कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे आणि जिवाणू संवर्धन सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

इतर जैविक भुकट्या

ट्रायकोडर्मा : हा शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीत मिळतो. एक टक्का पावडरीत दर ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत कण असावे लागतात. सर्वसाधारण तापमानात तीन-चार महिन्यांनंतर ही संख्या घटू लागते. म्हणून हळद-आल्यासाठी मे महिन्यात आणलेला ट्रायकोडर्मा रब्बीच्या हरभऱ्यासाठी राखून ठेवू नये. उरलेला असेल तर तो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा देऊन सावलीत वाढू द्यावा व शेतात टाकावा.

निंबोळी : यात जीव नसला तरी कडू द्रव्य उन्हाने व काळाने उतरते. जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत वाळवाव्यात. गोणपाटात हवेशीर ठेवाव्यात. बुरशी चढू देऊ नये. तीन महिन्यांपेक्षा कमी जुन्या आणि आठ-दहा महिन्यांपेक्षा अधिक जुन्या बियांत हे द्रव्य कमी असते. याचा अर्थ असा की, जूनची निंबोळी हरभऱ्यावरील घाटे अळीच्या वेळेला अगदी योग्य वयाची असते, पण पुढच्या वर्षीच्या कपाशीवर ती म्हातारी झालेली असते. बिया अखंड ठेवाव्यात आणि फवारणीच्या आदल्या दिवशीच कुटाव्यात. पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी, सायंकाळी फवारावा. उद्यासाठी ठेवू नये.

घाटे अळीचा विषाणू : हा द्रवरूपात मिळतो, पण त्याचाही शत्रू ऊनच. गार आणि अंधाऱ्या जागी ठेवावा, सायंकाळी फवारावा आणि किरणांपासून बचाव व्हावा म्हणून फवाऱ्यात कपड्यांची नीळ मिसळावी.

ताकद आहे की गेली, हे कसे ओळखावे?

दुर्दैवाने नुसत्या डोळ्यांनी जिवंत आणि मेलेले संवर्धन वेगळे ओळखता येत नाही. खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. तरी काही खुणा आहेत. भुकटी कोरडी पडून कडक गठ्ठे झाले असतील, कुजकट वास येत असेल किंवा पाकीट फुगले असेल तर ते वापरू नये. भातावर टाकून हिरवी बुरशी आली म्हणजे ट्रायकोडर्मा चांगला, असे काही जण सांगतात. पण हिरव्या बुरशी अनेक प्रकारच्या असतात, त्यावर विसंबू नये.

शेतातील परीक्षा मात्र प्रत्येकाने करावी. शेतात दोन ओळी संवर्धन न लावता पेराव्यात. ३५ ते ४० दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडे मुळांना धक्का न लावता मातीच्या ढेकळासह काढावीत व पाण्यात भिजवून मुळे धुवावीत. ओढून उपटू नयेत, गाठी मातीत राहून जातात. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ काम करीत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नत्र देत नाही. मधल्या सोटमुळावर जाड गाठी आल्या असतील, तर आपले पाकीट जिवंत होते असे समजावे. दोन्ही ओळींत फरकच नसेल, तर त्या जमिनीत पूर्वीच्या पिकाचे जिवाणू आहेत की आपले पाकीट मेलेले होते, याचा शोध घ्यावा आणि आपल्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे.

मेळाव्यात विचारलेले प्रश्न

प्रश्न : मागच्या वर्षीची पाच पाकिटे शिल्लक आहेत. दुप्पट मात्रेत लावली तर चालतील काय?
उत्तर : नाही. हजारातला एखादाच जिवाणू जिवंत असेल, तर दुप्पट-तिप्पट करून भागत नाही. ती पाकिटे शेणखताच्या खड्ड्यात टाकावीत, त्यांपासून अपाय नाही. बियाण्यासाठी नवीन आणावीत.

प्रश्न : बियाण्याला संवर्धन लावले आणि पाऊस आला, पेरणी चार दिवस लांबली. आता काय करावे?
उत्तर : दाण्यावर उघडे पडलेले जिवाणू पाकिटातल्यापेक्षा फार लवकर मरतात. बियाणे सावलीत कोरडे ठेवावे. पेरणीच्या दिवशी पुन्हा नवे संवर्धन लावावे. म्हणून गरजेपेक्षा एक-दोन पाकिटे जास्त आणून ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : द्रवरूप संवर्धन घेतले तर साठवणीची कटकट मिटेल काय?
उत्तर : कमी होईल, मिटणार नाही. त्यात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवाणूंचे मानक आहे आणि मुदतही जास्त असते. पण बाटलीतही जीवच आहे. ती पत्र्याखाली ठेवाल तर तोच परिणाम होईल.

प्रश्न : दुकानदाराच्या दुकानातच पाकीट मेलेले असेल तर शेतकऱ्याने काय करावे?
उत्तर : म्हणूनच पावती आणि रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. शंका असल्यास न फोडलेले पाकीट घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. नमुना तपासता येतो. पाकीट फेकून दिले तर मात्र कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी धान्याची पेवे, बियाण्याची मडकी, राखेत ठेवलेल्या डाळी अशा साठवणीच्या उत्तम पद्धती बसविल्या. कोणती वस्तू कशी टिकते हे त्यांनी अनुभवातून ओळखले होते. नवीन जैविक पर्यायांच्या बाबतीत तो अनुभव आपल्याला करावा लागणार आहे. ही पाकिटे खताच्या किमतीच्या मानाने स्वस्त आहेत. स्वस्त म्हणून आपण त्यांना कोपऱ्यात टाकतो आणि गुण आला नाही की त्यांनाच दोष देतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. पाकिटे जेथे असतील तेथून काढा, अंतिम तारीख वाचा आणि रांजणाशेजारी मडक्यात ठेवा. एवढे केलेत तर ऑगस्टमध्ये झाड काढून पाहाल, तेव्हा मुळांवर गुलाबी गाठी दिसण्याची पूर्ण आशा धरता येईल.